सांभाळून ठेवलेली माळ

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलू नये, असं म्हणतात. आमचे जुने घरमालक अजून हयात आहेत, ठणठणीत आहेत, सकाळ-संध्याकाळ दुधात भाकरी कुस्करून खातात. तेव्हा माझी ती अडचण नाही.

सुरतेला बमरोलीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी लग्न होऊन आले. नवरा पांडेसऱ्याला एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात होता आणि मी पुढे रिंग रोडच्या कापड मार्केटात एका साडीवाल्याकडे कॉम्प्युटरवर बिलं करायला लागले. खाली घरमालक आणि त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना आप्पा आणि माई म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दोघंही खानदेशातले. आपसात अहिराणीत बोलायचे, पण मी बुलढाण्याकडची, म्हणून माझ्याशी आप्पा जरा ठेवणीतलं मराठी काढायचे. मिलच्या फोल्डिंग खात्यात जन्म घालवून ते निवृत्त झाले होते. घर स्वतःचं, डोक्यावर कसला भार नाही, एकुलती एक मुलगी मोठी होऊन कॉलेजात गेलेली. अशा माणसानं दुपारी पंखा लावून झोपावं. आप्पा झोपायचे नाहीत. त्यांना दिवसभर एकच घोर होता, वस्तू कुठे ठेवावी.

सोनं हा शब्द ते तोंडातून काढत नसत. वस्तू म्हणत. "सोनं म्हटलं की भिंतीला कान फुटतात, पोरी. वस्तू म्हटलं की कुणी वळूनही बघत नाही."

त्यांच्या मनगटावर कायम घड्याळ असे आणि ते कायम बंद असे. काच तडकलेली, पट्टा दोऱ्यानं शिवलेला. मिलनं निरोपाला दिलेलं चांगलं घड्याळ होतं, मेव्हण्यानं आखातातून आणलेलं एक होतं, वडिलांचं खिशातलं साखळीचं होतं. ती सगळी एका डब्यात बंद. दर रविवारी दार लावून आप्पा ती बाहेर काढत, चावी देत, कानाला लावत आणि पुन्हा डब्यात घालत. मग जिन्याखाली येऊन वर हाक मारत, "पोरी, किती वाजले गं?"

मी एकदा म्हटलं, "आप्पा, तीन-तीन घड्याळं चालू आहेत घरात, त्यातलं एक घाला की."

"चांगलं घड्याळ हातात घालायचं म्हणजे चोराला वेळ सांगायची," ते म्हणाले. आपल्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी ते माझ्या नवऱ्यालाही ऐकवलं.

त्या डब्यासाठी ते गल्लीभर बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या गोळा करत फिरत. कुणाच्या घरी नवे बूट आले की आप्पा हजर. "सोन्याचा वैरी डोळा, घड्याळाची वैरीण ओल," हे त्यांचं दुसरं वाक्य. अशी त्यांच्याकडे बरीच वाक्यं होती. माणसाचा वैरी कोण, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता माईंबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं नुसती गंमत होऊन बसेल.

माई ठेंगण्या, चपळ, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा त्यांच्यासारखा मी अजून खाल्लेला नाही. गळ्यात डोरलं होतं, तेही खोटं. उधन्याला कुणा बाईची पोत मोटारसायकलवाल्यांनी ओढून नेली, ते आप्पांच्या कानावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी माईंचं लग्नातलं डोरलं डब्यात गेलं. त्या जागी एक ग्रॅमचं आलं, म्हणजे वर सोन्याचं पाणी, आत तांबं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आमची सगळी गल्लीच एक ग्रॅमची होती. खानदेशी असो, उत्तर प्रदेशातली असो की ओडिशाची, बाईच्या गळ्यात तेच. दर गुरुवारी एक हातगाडीवाला यायचा, माळा-पाटल्या-डोरली घेऊन. पाणी उतरलं की तोच पुन्हा चढवून द्यायचा. माईसुद्धा त्याच्याकडे डोरलं चकचकीत करायला द्यायच्या.

डोरल्याचं माईंना फारसं वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला होता पुतळ्यांच्या माळेत.

ती माळ त्यांच्या आईची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं ती स्वतःच्या गळ्यातून काढून माईंच्या गळ्यात घातली होती. सुनेला नाही, लेकीला. भावानंही मोठ्या मनानं चालवून घेतलं. मी ती माळ कधी पाहिली नव्हती, पण मला ती पाठ होती. दुपारी धान्य निवडताना माई सांगायच्या, एकेक पुतळी कशी, मधली मोठी कुठे यायची, चालताना आवाज कसा व्हायचा. सांगताना हात आपोआप गळ्याखाली जायचा आणि छातीच्या मध्यावर एका जागी थांबायचा. "आठलोंग येये," त्या म्हणायच्या. इथपर्यंत यायची.

"मग घालत का नाही?" मी नवीन होते, म्हणून विचारलं.

त्या हसल्या. "त्यासले इचार."

विचारलं असतं तर आप्पांनी रेलची गोष्ट सांगितली असती. सुरतेत पुराला रेल म्हणतात. तापीची मोठी रेल आली तेव्हा ही माणसं नदीपलीकडे भाड्यानं राहत होती. पाणी पत्र्याला लागलं. माईंनी लेकीला छातीशी धरलं आणि आप्पांनी माळ आणि घड्याळं पिशवीत घालून डोक्याला बांधली. सगळी भांडीकुंडी गेली, माळ वाचली. हे खरं होतं, खोटं कशाला बोलू? माईसुद्धा कधी त्यांची बाजू घ्यायच्या. "रेलमा माळ त्यासनीच वाचाडी," म्हणायच्या. पण रेल ओसरली, नवं घर बांधलं, त्यावर मजला चढला, तरी आप्पांच्या डोक्यावरची ती पिशवी काही उतरली नाही.

जागा शोधण्याचे त्यांचे प्रयोग ऐकले तर हसू येईल. मलाही तेव्हा यायचं.

आधी तुरीच्या डाळीचा डबा झाला. मग देव्हाऱ्याखालची फरशी. मग ज्वारीची कोठी, आणि त्यात एकदा माईंच्या अंगठ्या दळणाबरोबर चक्कीवर गेल्या. चक्कीवाल्यानं त्या चाळणीतून काढून घरी आणून दिल्या, तर आप्पा त्याचे आभार मानायचे सोडून त्याच्यावरच संशय घेऊन बसले. इतका प्रामाणिक माणूस म्हणजे काहीतरी डाव असणार. शेवटी त्यांनी ठरवलं, तिजोरी आणायची.

तिजोरी आणली हे गल्लीला कळलं तर तिजोरीचा उपयोग काय? म्हणून भागळच्या दुकानातून आणताना आप्पांनी ती कपडे धुण्याच्या मशीनच्या खोक्यात बांधून आणली. हमालांची कंबर मोडली. गल्ली जमली. "माई, मशीन आलं! पेढे काढा!" माईंना पेढे वाटावे लागले. नसलेल्या मशीनचे पेढे मीही खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून माई मागच्या मोरीत पूर्वीसारख्याच धुणं बडवायला बसल्या. आता मात्र लपून. कुणी पाहिलं तर, "माई, मशीन असून हातानं?" माई म्हणायच्या, लाइटबिल येतं. पुढे म्हणायच्या, बिघडलंय. तर शेजारणीचा दीर मशीन दुरुस्त करणारा निघाला, तो पान्हे घेऊन दारात उभा राहिला. आप्पांनी त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. तेव्हापासून गल्लीत झालं, म्हातारा इतका चिक्कू की बायकोला मशीन लावू देत नाही. हे आप्पांच्या कानावर आलं, तर ते खूश झाले. "म्हणू दे. तिजोरी आहे असं तर म्हणत नाहीत ना?" माईंच्या हातांना सोड्यानं चिरा पडल्या होत्या. त्या रात्री-बेरात्री कोकमाचं तेल लावत, हे मला माहीत होतं, आप्पांना होतं की नाही कोण जाणे.

मुलीचं लग्न शिरपूरला गावी झालं. आम्ही दोघं गेलो होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी माई जिना चढून वर आल्या, मला सांगायला. चेहरा उजळलेला. "माळ घेतली बरं. त्यासनी सोता तिजोरीतून काढी."

माळ लग्नाला आली, हे खरंच. पण ती आप्पांच्या गळ्यात होती. बनियनच्या आत, वर सदरा, त्यावर जाकीट. भर उन्हाळ्यात. मांडवात सगळे हवा घेत होते आणि आप्पा गुंड्या लावून घामानं निथळत, छातीवर हात दाबून फिरत होते. पाहुणे विचारत, "आप्पा, छातीत दुखतंय का?"

हळदीच्या वेळी माईंनी त्यांना दाराआड गाठलं. मी ताट घेऊन तिथेच उभी होते.

"पोरनी हळद शे. आज तरी द्या."

"इतली गर्दी देख. कोन कसा शे, तुले काय ठाऊक?"

"मना भाऊ शे, वहिनी शे. मायनी माळ देखतीन त्या."

"संध्याकाळले देखू."

संध्याकाळी दागिने घालून बायका मांडवात बसल्या आणि माई एक ग्रॅमच्या डोरल्यावर लेकीमागे उभ्या राहिल्या. विदाईला मुलगी बापाच्या गळ्यात पडली. रडत होती. पडली आणि एकदम मागे सरकली. गालाला काहीतरी कडक टोचलं होतं. तिनं त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या गळ्याकडे पाहिलं आणि रडायची थांबली. पुढे गाडीत बसेपर्यंत ती रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे.

त्यानंतर आप्पांना नवीन शंका आली. चोरानं अख्खी तिजोरीच उचलून नेली तर? मग त्यांनी बँकेचा लॉकर घेतला. पण तिथला शिपाई त्यांच्या गावाकडचा निघाला, म्हणजे तोही बाद. शिवाय बँक रविवारी बंद, सणाला बंद, दुपारी जेवायला बंद. "वस्तू आपली आणि वेळ त्यांची? हे नाही चालणार." कुणीतरी त्यांना सांगितलं, महिधरपुऱ्यात हिरेवाल्यांसाठी खासगी वॉल्ट आहेत, सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे, रविवारीसुद्धा.

तिथे जायचं ठरलं तेव्हा त्यांनी मलाही बरोबर घेतलं. कारणही सांगितलं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट आणि बरोबर दोन बायका असल्या की बघणाऱ्याला वाटतं, दवाखान्यात चालले. वस्तू एक्स-रेच्या पाकिटाखाली, जेवणाच्या डब्यात, वरच्या कप्प्यात भाकरी. रिक्षात त्यांनी मला दोनदा कण्हायला सांगितलं. मी कण्हले नाही.

माईंनी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली होती. लॉकर दोघांच्या नावानं होणार, असं मुलीनं फोनवर बापाकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे आप्पा नाही म्हणाले तरी माई स्वतः जाऊन माळ काढू शकणार होत्या. रिक्षात त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "यंदा भाऊबीजले भाऊ आठे येवाव शे. माळ घालीसन ओवाळसू."

त्यांचा भाऊ अमळनेरला. पुष्कळ वर्षांनी यंदा तोच बहिणीकडे यायचा होता. आईची माळ घालून भावाला ओवाळायचं, एवढंच त्यांना हवं होतं. याहून लहान इच्छा मी कुणाची ऐकली नाही.

वॉल्टच्या मॅनेजरला आप्पांनी वकिलासारखं उलटंसुलटं तपासलं. "रेल आवशे तो?" रेल आली तर? वॉल्ट चौथ्या मजल्यावर आहे, काका. आग? दार आगीला दाद देत नाही. तुमचाच माणूस फुटला तर? दाराला वेळेचं कुलूप आहे, ठरलेल्या वेळेआधी मालकालाही उघडता येत नाही. हे ऐकून आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते लेकीच्या लग्नातही आलं नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं आणि सावकाश प्यायले.

मग बोटांचे ठसे घ्यायचे होते. आप्पांचे झटकन उमटले. माईंनी बोट पदराला पुसून यंत्रावर ठेवलं. लाल दिवा. दुसरं बोट. लाल दिवा. मॅनेजर बिचारा चांगला होता, त्यानं ओला कपडा दिला, अंगठा दाबून धरायला सांगितला, दुसरं यंत्रही आणलं. "माजीनी आंगळी घसाई गई छे," तो म्हणाला. आजींची बोटं झिजलीत. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. त्या कुठे गेल्या ते मला माहीत होतं. मागच्या मोरीत, नसलेल्या मशीनचं धुणं धुता धुता गेल्या.

मॅनेजर म्हणाला, ठसा नसला तरी फोटो-सही घेऊन करता येईल, फक्त वरच्यांची परवानगी लागेल, पुन्हा एकदा यावं लागेल. आप्पा म्हणाले, "राहू दे. माझा एकट्याचा घ्या." आणि माईंकडे वळून हसत म्हणाले, "देख, यंत्रलेबी समजस." बघ, यंत्रालाही कळतं.

मी तेव्हा काही बोलले नाही, याचा मला अजून राग येतो. पण बोलून काय झालं असतं? आप्पांना बोलणं पोचत नसे. परतताना माईंनी डब्यातली भाकरी आम्हा तिघांना वाटून दिली. डबा आता हलका झाला होता.

वस्तू वॉल्टमध्ये गेल्या, पण लक्ष्मीपूजन तर दर वर्षी येणार. त्यावरही आप्पांनी तोड काढली. प्रत्येक दागिन्याचा रंगीत फोटो काढून त्यांनी तो प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला होता. माळेचा फोटो सगळ्यात मोठा. पूजेला पाटावर ते फोटो मांडायचे आणि त्यांना हळद-कुंकू लावायचं, फडक्यानं पुसून पुन्हा कपाटात. "लक्ष्मीला काय कळत नाही? तिला दिसतं सगळं," ते म्हणाले. ज्याला त्याला वाक्यं सुचतात.

त्या दिवाळीत माईंना दम लागत होता. जिना चढून वर यायच्या बंद झाल्या होत्या, मीच खाली जायची. करंज्या लाटताना थांबून श्वास घ्यायच्या आणि पुन्हा भाऊबीजेवर यायच्या. भाऊ काय खातो, वहिनीला कुठली साडी. आप्पांनी शब्द दिला होता, धनतेरसला माळ आणतो.

धनतेरसला आप्पा एक्स-रेचं पाकीट घेऊन गेले आणि तसेच परत आले. वॉल्टमध्ये ही रांग. जो तो पूजेसाठी दागिने काढायला आलेला. "आज सगळं शहर काढतंय, म्हणजे चोरांनाही आजचा दिवस ठाऊक. आज जो काढेल तो मूर्ख," ते ओट्यावर बसून मला समजावत होते. "गर्दी ओसरली की आणतो. तो तर रविवारीही उघडा असतो."

सुरतेत इतकी वर्षं राहून त्यांनी ही एक चूक केली. आपली खानदेशी माणसं दिवाळीत गावी जातात, मिलला कुलूप लागतं ते आपल्याला कळतं. पण हिरेबाजार दिवाळीला वह्या पुजून जो बंद होतो, तो पाडव्यापासून पाचव्या दिवशी, लाभपाचमेच्या मुहूर्तालाच उघडतो, आणि त्याच्या जिवावर चालणारा वॉल्टही. मॅनेजरला आप्पांनी पाणी, आग, चोर, फितुरी, सगळं विचारलं होतं. सण विचारला नव्हता. सण हा धोक्यात येतो, असं त्यांना वाटलं नसावं.

पाडव्याला सकाळी माई गेल्या. चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याला धरून खाली बसल्या. मी धावत आले तोवर संपलं होतं. डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, किती वाजता? आप्पांनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं. तिथे ते तडकलेलं, बंद घड्याळ. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वेळ सांगितली.

भाऊ-वहिनी तापी लाइनच्या गाडीनं दुपारी पोचले. भाऊबीजेला येणार होते, एक दिवस आधी आले. बहिणीसाठी आणलेली साडीच माहेरची साडी झाली. मुलगीही सासरहून, नंदुरबारहून आली. बायकांनी माईंना न्हाऊ घातलं, साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं. सवाष्ण गेली की तिला नवरीसारखी सजवतात. गळ्यात ते एक ग्रॅमचं डोरलं होतं, नुकतंच पाणी चढवलेलं.

भाऊ आप्पांसमोर येऊन उभा राहिला. हात जोडले होते त्यानं. "दाजी, मायनी माळ एक डाव तिना गळामा घाला. मंग काढी ल्या. आमले काहीच नको. फक्त एक डाव."

आप्पांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून लॉकरची किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून तिच्याकडे बघत बसले.

मी वॉल्टच्या कार्डावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून आनंदी आवाज आला, "साल मुबारक, बेन!" गुजराती लोकांचं त्या दिवशी नवं वर्ष. मी काय झालं ते सांगितलं. मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, मी गावी आहे, पण इथे असतो तरी काही करता आलं नसतं, दाराला वेळेचं कुलूप आहे, लाभपाचमेलाच उघडेल. मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं.

तेव्हा आप्पा काय म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते मान हलवून म्हणाले, "हां, वेळेचं कुलूप आहे. मालकालाही उघडत नाही. मीच विचारून घेतलं होतं." आणि त्या आवाजात, बायको समोर जमिनीवर निजलेली असताना, थोडासा अभिमान होता.

आप्पा उठून आत गेले. आले ते हातात माळेचा फोटो घेऊन. आदल्या संध्याकाळचं हळद-कुंकू अजून त्यावर होतं. वाकून त्यांनी तो माईंच्या छातीवर ठेवला, सरळ केला.

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भावाची बायको पुढे झाली. तिनं तो फोटो उचलला, पदरानं पुसला आणि आप्पांच्या हातात परत दिला.

"सांभाळीसन ठेवा," ती म्हणाली.

लाभपाचमेला वॉल्ट उघडला. आप्पा जाऊन माळ घेऊन आले. एक्स-रेचं पाकीट या वेळीही बरोबर होतं, फक्त सोबत दोन बायका नव्हत्या. वॉल्टवाल्यांनी मुहूर्ताचा म्हणून त्यांच्या हातावर पेढा ठेवला होता, तो त्यांनी सुतकात खायचा नाही म्हणून कागदात बांधून आणला. तेरावं झालं तशी त्यांनी दारं-खिडक्या लावून मुलीसमोर डबा ठेवला. मला साक्षीला बोलावलं होतं. "घे. तुझ्या आईची. नंदुरबारला बँक बरी आहे ना? चौकशी केलीस?"

मुलीनं माळ बाहेर काढली. मी ती पहिल्यांदा पाहत होते. मुलीच्या अंगात घरातला चुरगळलेला गाऊन होता, डोळे सुजलेले. तिनं माळ गळ्यात घातली. मधली मोठी पुतळी बरोबर तिथे आली, जिथे माईंचा हात थांबायचा.

मुलीनं कोपऱ्यातली पिशवी घेतली, दाराची कडी काढली. "दूध संपलंय. घेऊन येते."

"असं?" आप्पा म्हणाले. "अगं, असं? वेडी आहेस का? काढ आधी!"

ती ओटा उतरून गल्लीत गेलीसुद्धा. भर सकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, सगळी गल्ली बाहेर. आप्पा अनवाणी तिच्यामागे धावले. मीही गेले. चालताना पुतळ्यांचा आवाज येत होता, अगदी माई सांगायच्या तसा.

कुणीही थबकलं नाही. नळावरच्या दोघींनी पाहिलं, एक म्हणाली, "दीदी, नया लिया? एक ग्राम वाला है ना? बिलकुल असली लगता है." गुरुवार होता. कोपऱ्यावर हातगाडीवाला उभा होता, ज्याचा जन्म खोट्या दागिन्यांत गेला तो. त्यानं मान पुढे करून माळ नीट न्याहाळली, दाद दिल्यासारखी भुवई उडवली.

"अच्छा माल है," तो म्हणाला. "पालिश उतरे तो ले आना, चढ़ा दूँगा."

मुलगी जागच्या जागी थांबली. हसली की रडली मला कळलं नाही. ती वळली. आप्पा धापा टाकत तिच्यापर्यंत पोचले होते, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. इतकी वर्षं माईंनी ही माळ घालून याच नळावर पाणी भरलं असतं, याच गाडीवाल्याशी घासाघीस केली असती, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"आप्पा," मुलगी मोठ्यानं म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशी. "सांगू यांना? माझ्या आईची माळ आहे, खरी आहे, सांगू?"

आप्पांनी गल्लीच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. मग तिच्या अगदी जवळ गेले.

"नको," ते हळूच म्हणाले. "एक ग्रॅमचीच सांग."